अठरा भाकऱ्या

आमच्या घरात माणसं नऊ. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचे दोन मुलगे, आम्ही दोघं आणि आमची लेक. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत तीन खोल्यांत आम्ही राहतो. संध्याकाळी साडेसातला सगळे एकदमच जेवायला बसतात, कारण आठला दीर वाकडला टॅक्सी घेऊन निघतो आणि त्याला उपाशी पाठवणं आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खपत नाही. मी चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. कंपनीची बस मला सहाला चौकात सोडते. त्यामुळे नऊ जणांचा स्वयंपाक दीड तासात, आणि तोही रोज, हे गणित मला नवं नव्हतं.

लेक नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं की हिला गहू कायमचा बंद. त्याआधी वर्षभर आम्ही जंताची औषधं देऊन, ओवा चावायला लावून आणि दृष्ट काढून थकलो होतो. तिचे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं फुगलेलं. जावेचा धाकटा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, तरी उंचीनं तिच्या बरोबरीला आला होता. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं की गव्हातल्या एका घटकानं तिच्या आतड्याला आतून इजा होते, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया आणि बिस्किटं बंद, हेच औषध. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, आणि आकडा खाली आला नाही तर हिची वाढ अशीच खुंटलेली राहील, असंही ते म्हणाले.  

सुरुवातीला मी तिचं वेगळं करायला लागले. वाकडच्या मॉलमध्ये अशा मुलांसाठीचं तयार पीठ मिळतं असं कुणीतरी सांगितलं, तर सुट्टीच्या दिवशी तिकडेही जाऊन आले. पुडकं एवढंसं आणि किंमत अशी की ते मी हळूच फळीवर परत ठेवलं. घरी तिला भात द्यायचा आणि बाकीच्यांना पोळ्या, असं आठवडाभर चाललं. दोघे चुलतभाऊ तिच्या शेजारी बसून पोळीचा तूप-गुळाचा रोल खायचे. ती त्यांच्याकडे बघायची, भात चिवडायची आणि भूक नाही म्हणून उठायची. सातव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना बसवून सांगून टाकलं की रात्री या घरात गहू शिजणार नाही. एक शेगडी, एक ताट, एक जेवण. ज्याला पोळी हवी त्यानं दुपारी बाहेर खाऊन यावं आणि हात धुऊन घरात यावं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते तावातावानं म्हणाले, गावाकडं बीडला जन्मभर भाकरीच खाल्ली, तिला कंटाळूनच तर शहरात आलो. मामा शहरात आले होते ते नोकरीसाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दिरानं तोंड वाकडं केलं. जाऊ मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली, कारण पोळ्या लाटायचा तिला मनस्वी कंटाळा.

मग मी आठवडा कागदावर मांडला आणि कागद फ्रिजच्या दारावर लावला. सोमवारी ज्वारीची भाकरी आणि पिठलं. मंगळवारी मुगाच्या डाळीची खिचडी नि कढी. बुधवारी पुन्हा भाकरी, मटकीची उसळ. गुरुवारी तांदळाची धिरडी, कारण त्या दिवशी मला सुट्टी असते आणि तव्यापाशी उभं राहायला वेळ मिळतो. शुक्रवारी भाकरी आणि जे काही पालेभाजीत स्वस्त असेल ते. शनिवार-रविवारी वरणभात. थंडीत ज्वारीऐवजी बाजरी. ज्वारी नि तांदूळ गावाहून दिराच्या ओळखीच्या टेम्पोतून पोत्यानं यायचे, त्यामुळे खर्च उलट कमीच झाला आणि मामांचं एक कारण आपोआप गळालं. बाजारातल्या हिंगातही गव्हाचं पीठ घालतात हे कळलं तेव्हा हिंगाची डबी गेली आणि फोडणीत लसूण वाढला. एकदा हौसेनं ज्वारीच्या पिठाची वरणफळं करायला गेले. ती वरणात पार विरघळली आणि नऊ जणांनी ती पेज म्हणून प्यायली. दीर अजूनही मला त्यावरून छेडतो.

भाकऱ्या मोजून अठरा, आणि तो आकडाही फ्रिजवरच्या त्याच कागदावर. मामा आणि आत्या दोन-दोन, नवरा आणि दीर तीन-तीन, जाऊ दोन, तिचे मुलगे दोन-दोन. उरलेल्या दोनांत मी आणि लेक. ती अर्धी खायची आणि तिची उरलेली अर्धी माझ्या ताटात यायची, म्हणजे माझ्या दीड. थापायला आत्या, भाजायला मी. अठराच्या वर कधी लागली नाही आणि खाली कधी आली नाही. या हिशेबाचा मला फार अभिमान होता.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा जवळजवळ तिथेच होता. वजन तर वाढलंच नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधा."

मी घरी येऊन शोधलं, पण कसं शोधलं ते सांगायची लाज वाटते. मी सरळ आत्यांना धरलं. आजार कळला त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी नातीला गुपचूप वाटीभर शिरा दिला होता, लेकरू केविलवाणं बघतंय म्हणून. तेव्हा मी पकडलं होतं आणि त्यांनी पुन्हा देणार नाही म्हणून सांगितलं होतं. आता मला दुसरं काही सुचेना. जावेसमोर, मुलांसमोर मी त्यांना म्हणाले, "आत्या, तुम्हाला तिची माया आहे की तिचा जीव घ्यायचाय?"

 आत्यांनी पीठ लागलेले हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. त्यानंतर आठ दिवस त्यांनी परातीला हात लावला नाही. माझ्या हाताच्या भाकऱ्या जाड आणि कडांना चिरलेल्या व्हायच्या. लेकीनं मला एकदा विचारलं की आजी माझ्यामुळे रुसली का. मी तिला नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं, कारण आत्या माझ्यामुळे रुसल्या होत्या.

कंपनीत माल परत आला की आमच्याकडे एक रीत आहे. कुणाची चूक ते नंतर, आधी शेवटच्या टेबलापासून मागे मागे जात प्रत्येक मशीनपाशी उभं राहायचं आणि काम होताना डोळ्यांनी बघायचं. सांगितलेलं धरायचं नाही. नऊ वर्षं मी हे काम करते, लोकांची मशीनं थांबवते, आणि घरी मात्र न बघता माणसाला दोषी ठरवलं. हे डोक्यात आलं तेव्हा मी चाकणहून येणाऱ्या बसमध्ये होते. मनातल्या मनात ताटापासून मागे निघाले. ताट, तवा, परात, पिठाचा डबा, सगळं मीच वेगळं काढलेलं होतं. डब्याच्या मागे गिरणी. तिथे मी कधी उभीच राहिले नव्हते.

गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गिरणीवाले बाबा इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी. सकाळी बस पकडायच्या घाईत मी ज्वारीचा आणि हरभऱ्याच्या डाळीचा डबा रांगेत ठेवून जायची, संध्याकाळी पीठ घेऊन यायची. सगळेच तसं करतात. डब्यावर चिठ्ठी चिकटवायची असते, नावाची. माझ्या चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आजारी मुलीचे दळण, काळजीने दळावे'.

त्या गुरुवारी सुट्टी होती. मी डबा घेऊन गेले आणि बाजूच्या पोत्यावर बसून राहिले. बाबांनी आधीची बाजरी काढली, चक्की झटकली, माझ्या डब्यावरची चिठ्ठी बघितली आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून दोन मुठी धान्य काढून चक्कीत सोडलं. ते गहू होते. मी ओरडून चक्की बंद करायला लावली.

बाबा गोंधळले. म्हणाले, "आजारी पोरीचं पीठ हाय न्हवं ताई, म्हून आमी दर खेपेला तुमच्या डब्याआधी गहू सोडून दगड धुवून घेतो. आधीच्याची डाळ, बाजरी काय आसंल ते निघून जातंय. गहू आमच्या घरचाच हाय."

बाकी कुणाच्या दळणाआधी ते हे करत नव्हते. फक्त माझ्या चिठ्ठीमुळे, माझ्याच लेकीसाठी, आठवड्यातून एकदा, सहा महिने. मी त्यांना आजार समजावून सांगितला. ते ऐकता ऐकता उठले आणि कोपऱ्यातला गव्हाचा डबा उचलून बाहेर ठेवून आले. मला त्यांचा राग येईना. कशाची काळजी घ्यायची ते चिठ्ठीत लिहायला मीच विसरले होते, आणि असा अर्धवट कागद कंपनीत माझ्यासमोर आला असता तर मी तो भिरकावला असता.

घरी गेले. आत्या ताक घुसळत होत्या. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि गिरणीत बघितलं ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आत्या, मी चुकले. तुमच्यावर नको ते बोलले." 

त्यांनी रवी थांबवली. "लेकराचं पोट आधी बघ," त्या म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलीस. उद्या सांच्याला परात काढून ठेव."

बाबांकडे एक लहान चक्की होती. लोक तयार पीठ आणायला लागल्यापासून ती बंदच पडून होती. त्यांनी ती उघडून आतला कोपरान् कोपरा साफ केला, दगडांना छिन्नीनं नव्यानं टाकी लावून घेतली आणि भिंतीवर खडूनं लिहिलं की या चक्कीवर गहू घालू नये. आमचं दळण आठवड्यातून एकदा, सकाळी मोठी चक्की सुरू व्हायच्या आधी. तरीही मी कुणाला तरी तिथे उभं करणारच होते. मामा स्वतःहून म्हणाले, मी जातो. तेव्हापासून भाकरीला कंटाळलेला तो माणूस दर शुक्रवारी सकाळी सहाला डबा मांडीवर घेऊन चक्कीपुढे बसतो आणि पीठ पडेपर्यंत तिथून हलत नाही. बाबा म्हणतात, तुमचे मामा आमच्यावर पोलिसासारखे बसतात.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा आकडा निम्म्याहून खाली आला होता. डॉक्टर खूश झाले, पण मला ते त्याआधीच कळलं होतं.

तो बुधवार होता. मटकीची उसळ आणि भाकरी. मी नेहमीप्रमाणे लेकीच्या ताटातली अर्धी उचलायला हात पुढे केला, तर ताटात काही नव्हतं. तिनं पूर्ण भाकरी संपवली होती आणि बोटानं उसळीचा रस्सा चाटत होती. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली, "आई, अजून एक."

मी टोपलीकडे बघितलं. टोपली रिकामी होती. सगळ्यांचे हात थांबले होते. मी माझ्या ताटातली भाकरी उचलून तिच्या ताटात ठेवली. तिनं तीही खाल्ली. आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मामा उगाचच दिराला उसळीत मीठ कमी असल्याचं सांगू लागले.

मी त्या दिवशी सकाळचा भात ताकाबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी उठल्यावर फ्रिजच्या दारावरच्या कागदावर अठरा खोडलं आणि वीस लिहिलं.