चार बोटं आणि एकटा सरदार

मी बैलांचा दलाल. दुसऱ्याच्या जोडीचा कासरा धरून सुरुवात केली आणि पुढे अकोल्याच्या बाजारात माझ्या शब्दावर सौदे होऊ लागले, ते कोणाच्या शिफारशीनं नव्हे. हे आधीच सांगतो, कारण माझ्या साडूला ते कधी पटलं नाही.

साडू अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवतो. थोरला जावई मी, धाकटा तो. तरी एका अधिक महिन्यात सासरी, नांदगाव खंडेश्वरजवळच्या गावात, धोंड्याच्या जेवणाला पहिल्या पाटावर त्याला बसवलं. का, तर 'शिकलेले जवाई'. पहिल्या पाटाला पहिली पोळी आणि पहिली तुपाची धार. मी दुसऱ्या पाटावर. हा अपमान मी तीन वर्षं रवंथ केला.

पुढचा अधिक महिना जवळ आला तेव्हा साडूनं घरी कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर जुन्या काळातल्या लढायांचा एक खेळ तो मला दाखवत होता. हत्ती, भालेवाले, घोडेस्वार, सगळं. मी माऊसला हात लावला तर म्हणतो, "राहू द्या भाऊ, याले डोकं लागते."

"मंग लाव पैज," मी म्हटलं. "महिन्याभरानं तुझ्याच घरी खेळू. जिंकला तो पहिल्या पाटावर."

तो हसत हो म्हणाला. त्याचं ते हसू मी सोबत अकोल्याला नेलं.

त्या वर्षांत बैलबाजार असा होता की विकणारे दहा आणि घेणारा एखादा, तोही नुसते दात पाहून निघून जाणारा. कापूस बुडाल्यानं गावंच्या गावं कर्जात बसली होती. दलालाच्या दुपारी रिकाम्या. मी रोज एका सायबर कॅफेत जाऊन तोच खेळ शिकायला बसू लागलो. मालक पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, माणूस शांत. मी त्याला उस्ताद म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी घोडेस्वारांवर माऊस नेला आणि म्हटलं, "चल!"

"भाऊ, तोंडाने नाही चालत," उस्ताद म्हणाला. "डाव्या बटनाने पकडा, उजव्याने पाठवा. दोनदा दाबलं का पळते."

पळाले ते थेट नदीत. दुसऱ्या दिवशी माझे तिरंदाज, शत्रू जवळ आला की न विचारता मागे सरकायचे. मी टेबलावर मूठ आपटली. "भेकडाहो! कोणाचं खाता?"

"गुस्सा नका करू भाऊ. ते भीत नाहीत, ते बटन चालू आहे." त्यानं एक खूण बंद केली. तिरंदाज जागेवर उभे राहिले आणि हत्तींखाली चिरडले गेले. तेही माझेच हत्ती. बिथरले होते.

तिसऱ्या आठवड्यात उस्तादनं खरी किल्ली दिली. फौजेचे गट पाडायचे आणि प्रत्येकाला आकडा द्यायचा. एक दाबला की भालेवाले, दोनला तिरंदाज, तीनला घोडेस्वार, चारला खुद्द सरदार. सरदार मेला की फौज पळते, म्हणून चार फार जपून. मी एका बोटानं, आकडे बघत बघत शिकलो. शेवटच्या दोन दिवसांत तर उस्तादलाच हरवलं. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, आता जा अमरावतीला."

साडूनं शेजाऱ्याचा कॉम्प्युटर आणून दोन्ही वायरनं जोडून ठेवले होते. माझी बायको आणि तिची बहीण पंच म्हणून पलंगावर बसल्या. खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की साडू मान लांब करून माझा डावा हात बघतोय. मी कोणता आकडा दाबतो ते!

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आतून समोरच्याची बोटं दाबायची. तीन दाबली की तीन, चार दाबली की चार. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डावा हात झाकेल असा कीबोर्डवर टाकला.

तिथंच घात झाला. दुपट्ट्याखाली गेलेला हात पंचवीस वर्षं जे करत आला तेच करू लागला. मला तीन हवे होते, हातानं तीन बोटं दाबली. एक, दोन, तीन, सगळे एकदम. कॉम्प्युटरनं जो शेवटी ऐकला तो घेतला आणि घोडेस्वारांऐवजी तिरंदाज साडूच्या हत्तींकडे निघाले. सरदाराला मागे घ्यायला चार दाबले, तर भालेवाले मागे गेले. पुन्हा चार, घोडेस्वार गेले. आणखी एकदा, तर अर्ध्या वाटेतले तिरंदाजही परतले. दहा मिनिटांत सगळी फौज टेकडीमागे आणि मोकळ्या मैदानात एकटा सरदार.

साडू थबकला. "थांबा," तो स्वतःशीच म्हणाला. "सरदार असा एकटा कोणी सोडत नाही. मागं सापळा असला पाह्यजे." आणि त्यानं आपली फौज रोखून धरली. मिनिटं जाऊ लागली.

"झोपले का वो दोघं?" बायकोनं विचारलं.

मला ते तोंड ओळखीचं होतं. बैल आवडलाय, पण खोड असेल म्हणून गिऱ्हाईक अडलंय. अशा वेळी दलालानं गप्प राहायचं असतं. मी राहिलोही. तेवढ्यात साडू म्हणाला, "भाऊ, कासरा सुटला काय?"

माझं डोकं फिरलं. "सुटला त सुटला! ये ना मंग समोर! भेतं काहून?"

त्यानं एक टोळी घोडेस्वार पाठवली. सरदार पडला. टेकडीमागून माझी अख्खी फौज, जिला कोणी हातही लावला नव्हता, ओरडत पळाली.

"वायर सैल हाय," मी म्हटलं. "पुन्हा खेळू."

"हरले तुमी," बायको म्हणाली. "उठा आता."

धोंड्याच्या जेवणाला साडू पहिल्या पाटावर बसला. मी दुसऱ्या. बसलो, मान्य केलं असं नाही. सासूबाईंनी त्याला पहिली पोळी वाढली, तुपाची धार धरली. त्यानं घास मोडला आणि माझ्याकडे वळला.

"भाऊ, एक सांगा. तो सरदार एकटा काहून ठेवला होता?"

"डाव होता," मी म्हटलं. "तू घाईत संपवला."

"कोणता डाव?"

मी भात कालवला.

"घेरायचा होता का मले? का नदीकडून येणार होते? भाऊ, कोणत्या लढाईतला हाय?"

"जवाईबुवा, पोळी निवून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

"एक मिनिट आई," साडू म्हणाला आणि घास हातात धरून, पूर्ण माझ्याकडे तोंड करून बसला. मी दुसरी पोळी मागितली.