आमच्या जीपची दुसरी बॅटरी

आमच्या कोरेगावाकडं जीप उभी करायची म्हंजे आधी उतार हुडकायचा. मला कितीतरी दिस वाटायचं, सगळ्या जगात असंच असतंय. आबा, म्हंजे माझं वडील, कुठंबी गेलं की खाली उतरायच्या आधी जमीन बघायचं. गाडीचं नाक उताराकडं, पुढच्या चाकाखाली दगडाची उटी, मंगच हातब्रेक. निघताना उटी काढायची, गाडी आपसूक घरंगळायची, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की इंजिन चालू. बॅटरी अर्धमेली असली तरी कुणाला पत्ता लागायचा न्हाई. आबा म्हणायचं, "उतार हीच आपली बॅटरी. देवानं दिलीया, आन् हिच्यात पाणी बी घालाय लागत न्हाई."

जीप फौजेच्या लिलावातली. आबांनी उभी नोकरी फौजेत गाड्या चालवल्या, एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून पेन्शनीवर आलं, आन् आल्या आल्या असलीच गाडी दारात आणून उभी केली. आई म्हणाली, "एक सवत फौजेत हुती, ती बी घरी आणली का?" त्या जीपवर आबांनी दोन कर्णे चढवले आन् लाउडस्पीकरचा धंदा चालू केला. लग्नं, जत्रा, कुस्त्यांची मैदानं. आबा गाडी चालवायचं आन् माइकवर बोलायचं, आन् मशीन माझ्या ताब्यात. मशीन म्हंजे अँप्लिफायर. मी तवा साताऱ्याला कॉलेजात सायन्सला हुते, आन् सुट्टीच्या दिवशी मशीनवर. गाडी बी चालवायची मी. माळावर आबांनीच शिकवलेली. भावकीतलं एक म्हातारं म्हणालं, "हवालदार, पोरगी गाडी चालवाय लागली तर हिला नवरा कोण मिळंल?" आबा म्हणालं, "धक्का मारणारा बघू की."

ते बोलणं आमच्याच अंगावर आलं, ते कसं ते सांगते.

आष्ट्याजवळच्या एका गावात जत्रंचं कुस्ती मैदान असतंय. लय मोठं. तिथला कर्णा वरसानुवरसं आमचाच. तिथली रीत अशी, की मैदान संपलं की गावचे पंच तिथल्या तिथं पुढल्या सालाची सुपारी हातावर ठेवत्यात. सुपारी हातात आली की काम आपलं, मंग कागद नको का काय नको. आबास्नी त्या सुपारीचं लय अप्रूप. घरी आल्यावर देवापुढं ठेवायचं.

पर आष्ट्याकडची जमीन कशी, तर परात. तिथं पाण्याला सुदिक इचार पडतोय कुठं जावं म्हणून. चारी बाजूला ऊस आन् मधी सपाट काळं रान. दरसाली आमी पाटाच्या भरावावर गाडी लावायचो, पर एका साली ती जागा बैलगाड्यांनी धरलेली. आबा लय फिरलं, दुसरा उतार काय घावला न्हाई. कर्णा चालू असताना इंजिन चालू ठेवता येत न्हाई, सगळी गुणगुण कर्ण्यात उतरती. म्हंजे दुपार धरनं दिस बुडेस्तवर मशीन एकट्या बॅटरीवर. निघायच्या येळंला स्टार्टर दाबला तर नुसतं कुर्र. पुढनं घालून इंजिन फिरवायचं हँडल हुतं, पर एकदा त्यानं आबांच्या मनगटाला उलटा फटका दिला, तवापासनं आईनं ते माळ्यावर टाकलेलं.

मंग काय, पैलवानांनी गाडी ढकलली. आबा मागनं ढकलायला, आन् स्टिअरिंगवर मी. आठ-धा पैलवान, अंगाला आखाड्याची माती, लंगोटावर, आन् पुढं गाडीत बसलेली ओढणी घेतलेली मी. सगळं मैदान घरी जायचं सोडून आमाला बघाय लागलं. मुख्य पंच, पिळदार मिशांचं, ते म्हणालं, "हवालदार, यंदाची शेवटची जोड राहिलीच हुती बघा. तुमच्या गाडीनं भागवलं. येताना पुढल्या साली उतार बी बरोबर घेऊन या."

सगळी हसली. सुपारी काय मिळाली न्हाई. "बघू नंतर" म्हणालं.

त्या साली देवापुढं ठेवायला काय न्हवतं.

पुढं दिवाळी झाल्यावर पंचांचा निरोप आला, तासगावला द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या आमच्या गावच्या एका माणसाकडनं. "या म्हणावं. पर यंदा ढकलायला कोण येणार न्हाई. गाडी आपल्या पायानं गेली न्हाई, तर पुढल्या सालापासनं दुसरा बघतो."

मी त्याच दिवशी म्हणाले, "आबा, दुसरी बॅटरी बसवू. एक गाडीला, एक मशीनला."

आबा बिथरलंच. "एका बॅटरीवर हिमालयात गाडी चालवली म्या."

"तिथं उतार हुता," मी म्हणाले.

"पोरी, दोन बॅटऱ्या म्हंजे दोन बायका. बॅटरी भरणारा डायनामो एकच. एकीला घातलं की दुसरी उपाशी."

आई चुलीपासनं म्हणाली, "तुमास्नी एक तरी झेपली का?"

आबांचं म्हणणं एकदम खोटं न्हवतं, बरं का. दोन बॅटऱ्या कायमच्या जोडून ठेवल्या तर मेलेली बॅटरी चांगलीला पिऊन टाकती. मी म्हणाले, मधी खटका बसवू. गाडी पळताना खटका खाली, दोघी बी भरतील. कर्णा चालू झाला की खटका वर, मंग मशीन जे काय खायचं ते दुसरीचंच खाईल, गाडीची बॅटरी शाबूत. आबा म्हणालं बघू. त्यांचं बघू म्हंजे न्हाई. खरं कारण मला कळत हुतं. दुसरी बॅटरी बसवली म्हंजे लोकं म्हणणार, हवालदाराला एक राखता आली न्हाई.

असं किती दिस चाललं. जेवताना बॅटरी, झोपताना बॅटरी. शेजारीण म्हणाली, तुमच्या घरात कुणाचं लगीन ठरवाय लागल्यात का.

शेवटी गाठ सोडवली आईनं. आमच्या जीपमधी डाव्या सीटखाली लोखंडी पट्ट्यांचा एक पिंजरा हाय, बोल्टानं आवळलेला. ती आईची जागा, आन् पिंजऱ्यात ती भाकरीचं गठुडं ठेवायची. एक दिवस गठुडं काढता काढता तिनं इचारलं, "आवं, फौजेत ह्याच्यात काय ठेवत हुतासा?"

आबा म्हणालं, "दुसरी बॅटरी."

"ती कशाला?"

"वायरलेस असायचा. गाडी बंद करून घटकानुघटका बोलाय लागायचं."

"आन् तुमचा कर्णा काय करतोय?"

मी खिडकीतनं बघत हुते. आई गठुडं घेऊन घरात निघून गेली, जिंकल्यावानी मागं वळून बी बघितलं न्हाई तिनं. आबांनी सीट उचलून पिंजरा फडक्यानं पुसला. मंग मला म्हणालं, "उद्या सांगलीला जायचं. लवकर उठ."

नवी बॅटरी सांगलीहनं आणताना मी दोन पायांत धरून आणली, आतलं तेजाब हिंदकळू नये म्हणून. कोरेगावापतूर पाय आखडले. जोडणी आबांनी केली. काय हात चालत हुते त्यांचं, न बघता. पाना, वायर, बोल्ट, सगळं आपसूक. मी आपली नुसती बघत राहिले. मशीन जोडायच्या आधी मी म्हणाले, "आबा, थांबा, आधी बल्ब लावून बघू." ते म्हणालं कशाला. मी म्हणाले आमाला कॉलेजात तसंच करायला लावत्यात. बल्ब लावला, पांढराफेक पेटला आन् फट्.

"आबा, चोवीस झालं."

फौजेची गाडी चोवीस व्होल्टची असती. तिथं एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लावत्यात, म्हंजे दोन्हीचा जोर एकावर एक चढतोय. आमची जीप लिलावातनं आल्यावर साताऱ्यात बाराची करून घेतलेली. इथं प्लसला प्लस आन् मायनसला मायनसच पायजे. मशीन लावलं असतं तर सगळं जळून धूर. आबांनी आपल्याच हातांकडं बघितलं आन् इतकं हसलं, इतकं हसलं. म्हणालं, "माझी पेन्शन झाली, पर ह्या हातांची अजून झाली न्हाई." मंग सगळं सोडवून परत जोडलं, मधी खटका बसवला, आन् खटक्याचा ताबा मला.

जत्रंच्या दिवशी पोचलो तर मिशावाले पंच आधीच हजर. म्हणालं, "हवालदार, तुमच्यासाठी पाटाचा भराव मोकळा ठेवलाय. घ्या उतार."

बरोबरची दोघं-तिघं हसली. आबा म्हणालं, "नको, आखाड्याशेजारी लावतो." आन् त्या सगळ्या रानातली सगळ्यांत सपाट जागा बघून गाडी लावली. उटी बी लावली न्हाई.

इंजिन बंद. म्या खटका वर केला. कर्णा असा खणखणीत लागला, की उसातली पाखरं उठली. लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या, मधल्या जोडी झाल्या. पर यंदा शेवटची मोठी जोड सुटता सुटंना. दोघं बी तोलामोलाचं, नुसतं डोक्याला डोकं लावून उभं. दिस कलला. आन् कर्ण्याचा आवाज बसाय लागला. आधी घोगरा, मंग सर्दी झाल्यागत.

पंच गाडीजवळ आलं. "आवाज वाढवा की. निकाल सांगायचा हाय. मागं ऐकू जात न्हाई."

खटका माझ्या हाताखाली. खाली केला असता तर आवाज एका क्षणात सुधारला असता, गाडीच्या बॅटरीवर. आन् निघताना परत कुर्र. मी आबांकडं बघितलं. आबांनी खटक्याकडं बघितलं, मान हलवली. नको.

तेवढ्यात आखाड्यात एकानं दुसऱ्याला टांग मारून आस्मान दावलं. गलका झाला. आबांनी माइक माझ्या मांडीवर ठेवला, बॉनेटवर चढलं, आन् परेडच्या मैदानावर हाळी देत्यात तसल्या आवाजात जिंकणाऱ्याचं गाव आन् बक्षीस सांगितलं. कर्ण्याबिगर. पार पलीकडं झाडावर बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तसला आवाज म्या घरात कवाच ऐकला न्हवता. माझा बाप हाय हा, असं मला बाजूच्या सगळ्यास्नी धरून धरून सांगावं वाटत हुतं.

माणसं पांगाय लागली. मागच्या सालचे पैलवान सवयीनं गाडीमागं येऊन उभं राहिलं, एकजण तर बाह्या सारून. आबा बॉनेटवरनं उतरून डाव्या बाजूला बसलं, भाकरीच्या जागंवर, आन् मला म्हणालं, "बस स्टिअरिंगवर. मार."

म्या स्टार्टर दाबला. एका दमात. इंजिन असं लागलं, की मागचा पैलवान दचकून बाजूला झाला.

"बंद कर," आबा म्हणालं.

"का?"

"बंद कर म्हणतोय न्हवं." केलं. "आता परत मार."

परत चालू. पैलवान हसाय लागलं. "बंद कर," आबा म्हणालं, पंचांकडं न बघता, समोर उसाकडं बघत.

पंचांनी कोपरीच्या खिशात हात घातला. "कळलं, हवालदार. जाऊ दे आता पोरीला. घ्या ही सुपारी."

"तिच्या हातावर ठेवा," आबा म्हणालं. "मशीन तिचं हाय."

पंच गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आलं. मिशीवरनं हात फिरवला, आन् सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. म्या मूठ मिटली, आन् दुसऱ्या हातानं स्टार्टर तिसऱ्यांदा दाबला.