सहज आलेल्या बायका

बावन्नाव्या वर्षी मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन बसलेल्या या बाईंना सगळा वर्ग काकू म्हणायचा. एकदा चुकून सरही म्हणाले आणि मग तेच रुळलं. घरी नणंदेने टोमणा मारून ठेवला होता, "वहिनी, आजवर शेजाऱ्यांच्या घरात डोकावलात ते फुकट गेलं. आता त्याची पदवी मिळणार."

टोमणा काकूंना आवडला, पण पदवीचं काही खरं दिसत नव्हतं. पंधरा दिवस एका जागी बसायचं, लोकांशी बोलायचं, दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. तरी पहिला अहवाल परत आला. 'आळशी', 'भोचक' असल्या शब्दांखाली लाल रेघा. सर म्हणाले, "काकू, हे तुमचं मत झालं. यात ती माणसं कुठायत?" दुसराही फसला तर वर्ष गेलंच.

म्हणून दुसऱ्या खेपेला काकू मत घरी ठेवून, प्रश्न छापून घेऊन, कपडे दुरुस्त करणाऱ्या शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन बसल्या. येईल तिला पहिला प्रश्न, "आज कशासाठी आलात?" कुणाची चेन तुटलेली, कुणाची पँट लांब. पण चाळीसपैकी अकराजणी म्हणाल्या, "सहज." काकूंनी त्या रकान्यात प्रामाणिकपणे आडवी रेघ ओढली.

दहाव्या दिवशी शिंपीणबाईंनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "ह्या रेघा कसल्या?"

"त्यांनी काही सांगितलंच नाही."

"सांगितलं की. सहज म्हणाल्या ना? ताई, पँट टाकायला आलेली बाई दोन मिनिटं थांबत नाही. सहज आलेली किती वेळ बसते, ते बघा जरा."

काकू खजील झाल्या. बहीण "सहज फोन केला गं" म्हणून तासभर बोलते, तेव्हा बरं सगळं कळतं.

त्यानंतर प्रश्नांचा कागद पिशवीतून निघालाच नाही. एकीचा नवरा नुकताच निवृत्त झालेला. "माणूस एकच हो, पण सगळ्या खोल्यांत असतो." दुसरी तोच सदरा चार दिवस आणायची आणि न देताच परत न्यायची, त्याचं एकही बटण तुटलेलं नव्हतं. तिसरीला फक्त कुणीतरी "बसा" म्हणायला हवं होतं. काकूंनी सगळं लिहिलं, कोण कुठल्या स्टुलावर बसली तेसुद्धा.

अहवाल वाचताना सर दोनदा हसले. "पास. फक्त अहवालात खरं नाव नको, शिंपीणबाईंचं नाव बदला आणि त्यांची संमतीची सही आणा. नियम आहे."

नाव बदलायचं म्हटल्यावर शिंपीणबाई बिथरल्या. "वीस वर्षं पाटीवर आहे ते. अक्कल माझी आणि नाव दुसरीचं?"

"नियम आहे हो."

"बरं, टाका मग कुठलंही. आमच्या जाऊबाईंचं तेवढं नको."

मग चष्मा लावून त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. सहावं पान आलं तशी हातातल्या खडूने एका ओळीवर खूण केली. "ही चाळीस मिनिटं नाही, सव्वा तास बसली होती. नीट लिहा बाई, सही मी करणार आहे."