ओडेल प्रुइटने वाचलेला करार

ओडेल प्रुइट आमच्या ओहायोतल्या गॅरेजमध्ये शाळेच्या बस दुरुस्त करतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. त्याचा फोटो असलेली पोस्टरं कॉलेजच्या दुकानात धडाधड खपायची, पण त्यातलं त्याला काही मिळायचं नाही. कॉलेजच्या खेळाडूंनी खेळाच्या नावावर पैसे कमवायचे नाहीत, असा नियमच होता. एकदा आईची गाडी बंद पडली, तेव्हा त्याने सही केलेले चार फोटो विकले. त्यापायी कॉलेजने त्याला अख्खा हंगाम बाहेर बसवलं. पुढच्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ सुटला.

आता नियम बदललेत. त्याची मुलगी इमानी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. गेल्या महिन्यात ती एका गाद्यांच्या दुकानाचा करार घेऊन आली. दुकानाला जाहिरातीसाठी तिचा फोटो हवा होता.

"डॅडी, बाकीच्या मुली न वाचताच सही करतात."

"कॉलेजच्या कागदांवर मीही तेच केलं होतं," ओडेल म्हणाला.

दिवसभराच्या कामाने डोळे मिटत होते, तरी त्याने बोट फिरवत बारा पानं वाचली. नवव्या पानावर तो थांबला.

"हे बघ. फोटो कायमचा त्यांचा, म्हणतात. तू आजी झालीस तरी त्यांच्या गाद्या विकत राहशील."

इमानी हसली. ओडेलला हसू आलं नाही. त्याने 'कायमचा' खोडून 'एक वर्ष' लिहिलं.

दुकानदाराने चार दिवस आढेवेढे घेतले, मग मान्य केलं.

"बरं वाटलं असेल तुला," मी म्हणालो.

"दमलो रे," तो म्हणाला. "पण पुढचा करार तिने स्वतः वाचलाय."