निमकर सरांचे तीन कप

निमकर सरांकडे रविवारी गेलं की आधी मत द्यावं लागे, चहा मग. टेबलावर कान तुटलेले तीन कप मांडलेले असत. प्रत्येकाच्या हातावर सर एक भाजका शेंगदाणा ठेवत. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या तीन इटालियन लेखकांपैकी मोठा कोण, त्याच्या कपात तो टाकायचा. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्यांचे दाणे खायचे. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं हा उद्योग चालला आणि कुणालाही त्यात वेडेपणा वाटला नाही!

सर कल्याणच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्या तिघांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनीच नवं बारसं केलं: नरकवाला, प्रेमवाला आणि गोष्टीवाला. पहिला नरकात फिरून आला आणि कुठल्या पाप्याची जागा कुठली, ते लिहून गेला. दुसऱ्याने एकाच बाईवर जन्मभर कविता केल्या, ती मेल्यावरसुद्धा. तिसऱ्याच्या पुस्तकात प्लेगला भिऊन गाव सोडलेली तरुण मंडळी एका घरात बसून एकमेकांना गोष्टी सांगतात.

सर कट्टर नरकवाले. "न्याय बघा त्याचा! वशिला नाही, ओळखपाळख नाही. स्वतःच्या गुरूलासुद्धा नरकात बसवलंय पठ्ठ्याने." मी प्रेमवाली, म्हणून मला टोमणे. "मेलेल्या बाईवर लिहीत बसला! अगं, दुसरं काम नव्हतं का त्याला?" तळमजल्यावरच्या देशमुखांची शोभा गोष्टीवाल्याची. मोठ्याने हसणारी, धीट मुलगी. "सर, तुमच्या त्या नरकवाल्याला जेवायला बोलवाल का हो कधी?" असं तोंडावर विचारायची. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, मत कधीच दिलं नाही. "मला चहा गाळायचाय. तुमचं चालू दे," म्हणत त्या आत जात.

शोभा लग्न होऊन सुरतेला गेली आणि चौऱ्याण्णव साली तिथे प्लेग आला. इकडे आमची पाचावर धारण बसली. लोक नाकाला रुमाल बांधून दूध आणायला जाऊ लागले, केमिस्टकडे कॅप्सूल मिळेनात. सर तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते. सुरतेहून येणाऱ्याने डॉक्टरचा दाखला दाखवल्याशिवाय आत यायचं नाही, असा ठराव झाला. सरांनी तो स्वतः फळ्यावर लिहिला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी शोभा आली. घोडबंदर रोड, मग शीळफाटा, अशी जीपमध्ये धक्के खात, एकटीच. नवरा तिकडे कारखान्यात अडकलेला. अंगात ताप, डोळे लाल. फाटकाशी आम्ही सगळे जमलो, पण चार हात लांब. देशमुख नुसते आत-बाहेर करत होते, कारण घरात सुनेचं तान्हं बाळ. सर पुढे झाले. "शोभा, बेटा, नियम सगळ्यांना सारखा. आधी हॉस्पिटल, मग घर."

शोभा बॅगेवरच टेकली. म्हणाली, "सर, मला कितव्या नरकात टाकलंत?"

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी फाटक उघडलं, तिची बॅग उचलली आणि तिला थेट दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरी नेलं. "देशमुख, तुम्ही बाळाला सांभाळा. ही आमच्याकडे आहे." सेक्रेटरी खालून ओरडला, "सर, रेझोल्यूशनचं काय?" गॅलरीतून काकूंनी उत्तर दिलं, "पुसून टाका. फडकं फळ्याखालीच आहे."

मी रोज त्यांच्या दाराशी डबा ठेवून येई. आतून सरांचा आवाज ऐकू यायचा. गोष्टीवाल्याच्या गोष्टी, अस्सल मराठीत, नवरा-बायकोच्या भांडणाचे आवाज काढून! ज्याला जन्मभर पोरकट म्हणून हिणवलं, त्याच्याच. डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलं, तर निघाला मलेरिया. त्याच आठवड्यात एकदा आतून शोभाचं ते मोठं हसू ऐकू आलं आणि मला जिन्यातच रडू फुटलं.

पुढच्या रविवारी सरांनी आपला दाणा तिसऱ्या कपात टाकला. "नरकवाला मोठाच आहे, वाद नाही," ते म्हणाले. "पण आजाऱ्याच्या उशाशी बसायला हाच लागतो."

काही वर्षांनी सर हृदयविकाराने गेले. तेराव्याला शोभा सुरतेहून आली. पाहुणे पांगल्यावर काकूंनी आपणहून टेबलावर तीन कप मांडले आणि आमच्या हातांवर दाणे ठेवले. सरांसाठी आम्ही सगळ्यांनी गोष्टीवाल्याला मत दिलं, मीसुद्धा. काकू म्हणाल्या, "आज मीही देते," आणि आपला दाणा प्रेमवाल्याच्या कपात टाकला.

"ती गेल्यावरही तो लिहीतच राहिला ना गं?" त्यांनी मला विचारलं. "ह्यांना ते कधी कळलं नाही. कळणार कसं? मी होते ना."

मग त्या चहा गाळायला आत गेल्या. हरलेला दाणा नियमाने आम्ही खायचा होता. त्या कपाला कुणीच हात लावला नाही.