पुड्यांतलं इंजिन

चौसाळ्याच्या मन्मथअप्पांची जीप काळा धूर ओकायला लागली, तेव्हाच शहाण्या माणसाने ती विकून टाकली असती. पण चौसाळा ते बीड सीटा भरल्या तरच अप्पांच्या घरची चूल पेटायची, दुसरी कमाई नव्हती. इंजिन उतरवायचा खर्च गॅरेजवाल्या मुंजाजीने सांगितला आणि अप्पांनी त्याला कोपरापासून हात जोडले. "मोबाईलवर समदं दाखवतेत. मीच खोलतो," म्हणाले. मोबाईलवर पोहणं शिकून विहिरीत उडी घेणाऱ्याला कोण अडवणार?

पण कबूल केलं पाहिजे, काम त्यांनी जीव ओतून केलं. वडील किराणा दुकानदार, त्यामुळे पुडी बांधायचा हात पिढीजात. नट, बोल्ट, बेअरिंग, ज्याची त्याची रद्दीची पुडी, वर पेनाने नाव, दोऱ्याची गाठ. नवे पार्ट येईपर्यंत पंधरा दिवस अंगणात पत्र्याखाली इंजिन असं पुड्यांत पडून होतं. धुळीचा कण जाऊ नये म्हणून अप्पा जुन्या धोतराने भोक न भोक पुसायचे. बायको, नीलाबाई, झाडू घेऊन आली तरी अंगावर जायचे.

जोडणीला सोमवार धरला. नीलाबाईंनी उघड्या इंजिनावर भस्माची तीन बोटं ओढली. कुंकवाच्या अक्षता हातात घेतल्या आणि थबकल्या.

"झाकण लावल्यावर टाकू का?"

"आतच टाक. जीव तर आत हाय त्याचा! अन् हात आखडू नको."

गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून अप्पांनी डोळे मिटले. मग वर दिसले तेवढे दाणे वेचले आणि एकेक पुडी सोडायला घेतली.

जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. इतके खूश त्यांना लग्नातही कुणी पाहिलं नसेल. तिसऱ्या दिवशी भरल्या सीटांनी मांजरसुंब्याचा घाट लागला, आतून खडखड आली आणि इंजिन जाम झालं.

मुंजाजीने ते खोललं. तेलाच्या भोकात तार घातली, तर तांदळाचा दाणा बाहेर आला.

"अप्पा, ह्यो इथं कसा? ह्यानं तेल अडवलं, क्रँक जळाला. आता हे भंगारच."

दाणा काळा पडला होता, पण एका टोकाला कुंकू शिल्लक होतं. अप्पांनी तो खिशात टाकला.

घरी नीलाबाई दारातच उभ्या होत्या. "कावून बंद पडली? काय निघालं?"

"पार्ट डुप्लिकेट निघाला," अप्पा म्हणाले.

नीलाबाई रडायला लागल्या. "पार्टाचं काय घेऊन बसलात? माझंच चुकलं. हात आखडू नको म्हणलते तुमी. तरी म्या अर्धीच मूठ टाकली."