स्विच भरायच्या आधी

आमच्या दूध संघाच्या कॉम्प्युटर खात्यात किस्से इतके साठलेत की एका चहात संपत नाहीत. बहुतेकांत गाढव मीच, त्यामुळं कुणी रुसायचा प्रश्न नाही.

रोज सकाळी गारगोटी, गडहिंग्लजपासून सगळी केंद्रं एकदमच दुधाचे आकडे पाठवायची आणि आमचा स्विच, म्हणजे सगळ्या केंद्रांच्या तारा जिथं येतात तो डबा, तुंबायचा. मी कंत्राटी माणूस, कायम होणं शिंदेसाहेबांच्या सहीवर. म्हटलं, काहीतरी करून दाखवूया. स्विचला सांगितलं, आत आकड्यांची रांग निम्मी भरली की अधूनमधून त्यातलं एखादं पॅकेट टाकून दे. पाठवणारा कॉम्प्युटर गर्दी ओळखतो, वेग कमी करतो आणि टाकलेलं परत पाठवतो.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे जागा असताना आलेला माल फेकायचा?"

"होय साहेब."

"आणि त्यासाठी तुला पगार?"

*

पहिल्याच दिवशी पन्नास टक्क्यांच्या जागी मी पाच टाकले. स्विच जवळजवळ रिकामा, तरी पॅकेटं फेकत बसला. दुपारपर्यंत मी गारगोटीवाल्यांना फोनवर झापत होतो, "तुमची केबल उंदरानं खाल्लीया." बिचाऱ्यांनी भिंत उकरून नवी केबल ओढली. मग मला माझा पाच दिसला. त्या केंद्रावर मी अजून चहाला जात नाही.

*

बिलिंगच्या सुवर्णाताईंना हे सगळं त्याच्या इंग्रजी नावासकट कौतुकानं समजावलं. त्या म्हणाल्या, "माझी कामं तू पहिल्यापासनं अशीच टाकतोस की. त्याला नाव हाय हे आज कळलं."

*

मग संघाचं वार्षिक जेवण. तांबडा-पांढरा रस्सा म्हटल्यावर दारात चेंगराचेंगरी ठरलेली. साहेब म्हणाले, "तू गर्दी आवर."

हॉल निम्मा भरला तसा मी दारात उभा राहिलो. मधूनच एकाला अडवायचं, "पावणं, जरा दहा मिनिटांनी या." माणूस बघितला की वशिला आला, म्हणून डोळे मिटून हात आडवा करत होतो.

"आरं, डोळं उघड," मागनं सुवर्णाताई ओरडल्या.

हात शिंदेसाहेबांच्या पोटावर होता. साहेबांनी आतल्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या, मला बघितलं आणि निघून गेले. माझ्या हिशेबानं माझा कायम होण्याचा कागद अजून त्यांच्याच टेबलावर होता.

वीसेक मिनिटांनी साहेब सावकाश चालत परत आले.

"दमानं आलोय. आता घेतोस का?"

मी बाजूला झालो. साहेबांनी पांढऱ्याच्या तीन वाट्या घेतल्या. हात धुताना मी धीर करून विचारलं, "साहेब, तो माझा कागद..."

"कालच सही करून वर पाठवलाय," साहेब हात पुसत म्हणाले. "तिथं कुणी टाकला तर परत पाठवतो."